छोटे डिझेल इंजिन आणि घोडबंदर रस्ता : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे ठाणे आणि नवी मुंबईतून टर्बो-डिझेल गाड्यांविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे थोडी आटोपती घेतली आहेत. गाड्यांचे तपशील मात्र वाचकांनी लिहिले तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : माझी २०१४ सालची छोटी डिझेल गाडी आहे. इंजिन १२४८ सीसीचे असून रनिंग १ लाख १२ हजार किलोमीटर झाले आहे. मी रोज कासारवडवलीहून वागळे इस्टेटला जातो-येतो. एका बाजूचे अंतर अकरा किलोमीटर आहे, पण सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी बहुतेक वेळा सव्वा तास लागतो. सर्व्हिसिंग दर दहा हजार किलोमीटरला, न चुकता केले आहे. गेल्या चार महिन्यांपासून सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद खडखड आवाज येतो आणि मग बंद होतो. एका गॅरेजवाल्याने 'डिझेल गाडी आहे, आवाज करणारच' असे म्हणून सोडून दिले, तर दुसऱ्याने सगळे इंजिन खोलावे लागेल असे सांगितले. हे इंजिन आणखी किती चालेल?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : आपण १२४८ सीसी लिहिलेत तेव्हाच इंजिनाची ओळख पटली. फियाटने २००३ मध्ये आणलेले हे मल्टिजेट इंजिन आपल्याकडे मारुती, टाटा आणि स्वतः फियाट अशा तिघांच्याही गाड्यांत आले. पुण्याजवळच्या रांजणगावात आणि हरियाणातल्या मानेसरला ते तयार होत असे. जेमतेम १३० किलो वजनाचे, एकेका सिलिंडरमध्ये एका आवर्तनात पाच वेळांपर्यंत डिझेल फवारणारे हे इंजिन मुळात चिवट आहे. ज्या गाड्या मुंबई-नाशिक किंवा मुंबई-पुणे अशा धावल्या, त्यांची इंजिने अडीच लाख किलोमीटरनंतरही न खोलता चाललेली मी पाहिली आहेत. त्यामुळे १ लाख १२ हजारांना आपले इंजिन म्हातारे झाले, असे मुळीच समजू नये.

मात्र पहिल्या गॅरेजवाल्याचे म्हणणे मला मान्य नाही. डिझेलची टकटक इंजिन चालू असेपर्यंत सारखी येत राहते. सकाळी दोन-तीन सेकंद येऊन थांबणारी खडखड निराळी असते, आणि ती बहुधा टायमिंग चेनची असते. या इंजिनात क्रँकशाफ्ट (पिस्टनांमुळे फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना बांधणारी चेन आहे, आणि ती ताणून धरण्याचे काम एक हायड्रॉलिक टेन्शनर करतो. त्या टेन्शनरला बळ मिळते ते ऑइलच्या दाबातून. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरते, सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन किंचित सैल राहते, आणि चेन लांबलेली किंवा टेन्शनर थकलेला असेल तर तेवढ्या वेळात ती आतल्या पट्टीवर आपटते. ऑइल वर चढले की आवाज बंद होतो.

आता आपले पत्र वाचताना मी जिथे थांबलो ते वाक्य म्हणजे 'दर दहा हजार किलोमीटरला, न चुकता'. आपण पुस्तिकेप्रमाणे वागलात आणि तरीही ऑइल उशिराच बदलत गेलात, हे थोडा हिशेब मांडला की लक्षात येईल. आपले रोजचे बावीस किलोमीटर दोन तासांत होतात, म्हणजे सरासरी वेग ताशी अकरा किलोमीटर पडतो. या वेगाने दहा हजार किलोमीटर होईपर्यंत इंजिन सुमारे नऊशे तास चाललेले असते. हेच दहा हजार किलोमीटर नाशिक महामार्गावर ताशी साठच्या सरासरीने काढले, तर इंजिन जेमतेम १६७ तास चालते. मीटरवर आकडा एकच दिसतो, पण ऑइलने पाचपटीहून अधिक वेळ काजळी, उष्णता आणि इंधनाचे अंश पचवलेले असतात. त्यातही माजिवडा-कापूरबावडीच्या कोंडीत इंजिन मंद गतीवर असते. अशा वेळी ईजीआरची झडप जळलेला वायू पुन्हा आत घेते आणि काजळी अधिक तयार होते. या इंजिनात ऑइल मावते तीन लिटरच्या आसपास. एवढ्याशा ऑइलवर नऊशे तासांचा भार टाकला तर चेनच्या पिनांमध्ये काजळीचे बारीक कण घासत राहतात आणि चेन कणाकणाने लांबते.

म्हणून घोडबंदर रस्त्यावरच्या प्रत्येक डिझेलधारकाला माझे सांगणे असते की, ऑइल आणि ऑइल फिल्टर पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा बदलावे. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच आणि खात्रीच्या दुकानातून घेतलेले असावे. ते आठवडाभरात काळे पडले म्हणून घाबरू नये. डिझेलचे ऑइल काळे पडतेच, कारण काजळी स्वतःत धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. पाहायचे ते वेगळेच. दर रविवारी सकाळी गाडी सपाट जागी असताना, इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी, काढावी आणि तिच्या टोकाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टिपावा. पाच मिनिटांनी पाहिले तर चांगल्या ऑइलचा डाग मधे गडद आणि कडेला फिकट होत पसरलेला दिसतो. तो मधेच काळा गोळा होऊन बसला आणि भोवती नुसते फिकट वलय उरले, तर ऑइलची काजळी धरून ठेवण्याची ताकद संपली. आणि डिपस्टिकवरची पातळी खालच्या खुणेपाशी आली असेल, तर वाट पाहू नका. तीन लिटरांतून एक लिटर कमी होणे ही या इंजिनाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

आपल्या गाडीचे काय करावे, हे आता सांगतो. प्रथम ऑइल व फिल्टर बदलून घ्या आणि आठ-दहा सकाळी लक्ष ठेवा. आवाज एका सेकंदावर आला तर टेन्शनरला दाब वेळेवर मिळत नव्हता, एवढेच म्हणता येईल. तरीही सहा महिन्यांच्या आत चेनकडील झाकण उघडून तपासणी करावीच. आवाज तसाच राहिला, किंवा इंजिन गरम असतानाही गिअरबॉक्सच्या विरुद्ध बाजूने खसखस ऐकू येऊ लागली, तर चेन, टेन्शनर, दोन्ही पट्ट्या आणि गिअर असा पूर्ण संच बदलावा. नुसता टेन्शनर बदलून लांबलेली चेन तशीच ठेवणे हा खोटा काटकसरीपणा आहे. मजुरी दोन्ही कामांना जवळपास सारखीच लागते, आणि चेनने एक दात जरी उडी मारली तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग मात्र दुसऱ्या गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे होईल. आज ते खरे नाही. चेनच्या कामासाठी पिस्टन-बोअर खोलण्याची गरज नसते, आणि गाडी धूर सोडत नसताना, ऑइल पीत नसताना 'सगळे इंजिन खोला' म्हणणाऱ्याकडे चेनचे कामही देऊ नये.

आणखी एक. मेट्रो ४ च्या कामामुळे आपल्या रस्त्यावर अनेक वर्षे धूळ आहे. एअर फिल्टर पुस्तिकेतल्या निम्म्या अंतरावर बदला. हवा मारून झटकलेला फिल्टर वरून स्वच्छ दिसतो, पण त्याच्या कागदाला सूक्ष्म छिद्रे पडलेली असू शकतात.

प्रश्न : टर्बो गाडी बंद करण्यापूर्वी एक मिनिट उभ्याने चालू ठेवावी, असे माझे सासरे आग्रहाने सांगतात. मी ऐरोलीहून महापेला जातो. सोसायटीत येऊन रोज एक मिनिट इंजिन चालू ठेवल्याने शेजारी त्रासतात. हे खरोखर आवश्यक आहे का? शिवाय, गेल्या महिन्यापासून गाडीचा पिकअप एकदम कमी झाला आहे, चढावर काळा धूर येतो, आणि टर्बो गेला असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले आहे.
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : सासऱ्यांचे म्हणणे चुकीचे नाही, मात्र ते कोणत्या प्रवासानंतर लागू होते हे पाहायला हवे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. त्याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. घाट चढून आल्यावर किंवा महामार्गावर जोरात गाडी हाकल्यावर टर्बोचा एक्झॉस्टकडचा भाग लालबुंद होण्याइतका तापलेला असू शकतो. अशा वेळी इंजिन एकदम बंद केले तर ऑइलचा प्रवाह थांबतो आणि दांड्याभोवती उरलेले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. पण महापेहून ठाणे-बेलापूर रस्त्याने येऊन, सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवरून दुसऱ्या गिअरमध्ये सोसायटीत शिरेपर्यंत टर्बो थंड झालेलाच असतो. त्या दोन मिनिटांच्या सावकाश चालण्यानेच काम होते. गाडी लावून पट्टा सोडेपर्यंतचे पंधरा-वीस सेकंद पुरेसे आहेत. शेजाऱ्यांना त्रास देण्याचे कारण नाही. द्रुतगती मार्गावर खंडाळ्याचा घाट चढून जेवणासाठी थांबताना मात्र पूर्ण एक मिनिट द्यावे.

सकाळी सुरू केल्यावरही तोच नियम उलट्या बाजूने पाळावा. ऑइल टर्बोपर्यंत पोहोचायला अर्धा मिनिट द्या, नंतर निघा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर एक्सलरेटर दाबू नका. दहा मिनिटे उभ्याने गरम करण्याची पद्धत सोडून द्यावी. डिझेल इंजिन उभ्याने फार हळू तापते आणि तेवढा वेळ नुसती काजळी करते.

आता पिकअपविषयी. येथे मला स्वतःचा अनुभव सांगणे भाग आहे, कारण आपल्या पत्रातले वर्णन शब्दशः तेच आहे. काही वर्षांपूर्वी कसारा घाट चढताना माझ्या गाडीचा जोर अचानक गेला. तिसऱ्या गिअरमध्ये ती ओढेना आणि आरशात मागे काळा धूर दिसू लागला. ठाण्यात परतल्यावर एका गॅरेजने पंधरा मिनिटांत टर्बो गेल्याचे सांगून नव्या टर्बोचा अंदाज लिहून दिला. तो कागद मी घरी आणला आणि सही करण्यापूर्वी आमच्या जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही. टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी नळीच्या खालच्या बाजूने, जिथे डोळ्यांना दिसत नाही तिथून, त्यांनी बोट फिरवले. बोट काळे आणि तेलकट होऊन बाहेर आले. मग त्यांनी ती नळी दोन्ही हातांनी पिळली आणि वीत-अर्ध्या वीत अंतरावर ओठ उघडावेत तशी एक चीर उघडली. नळी सोडली की चीर मिटत होती. उभ्या गाडीत ती दिसलीच नसती. टर्बोचा दाब आला की ती उघडायची, हवा तिथूनच निसटायची, आणि आत जेवढे डिझेल फवारले जाते त्याला पुरेशी हवा न मिळाल्याने काळा धूर व्हायचा. नळी बदलली, दोन क्लिपा नव्या लावल्या, काम संपले. तोच टर्बो मी पुढे कित्येक वर्षे वापरला.

म्हणून आपण टर्बोला हात लावू देण्यापूर्वी सर्व नळ्या आणि क्लिपा तपासून घ्याव्यात. नंतर एअर फिल्टर, मग ईजीआरची झडप उघडी अडकली आहे का ते, आणि टर्बोच्या नियंत्रणाची बारीक व्हॅक्यूम नळी. टर्बो खरोखर गेला असेल तर त्याच्या खुणा वेगळ्या असतात. धूर काळा न येता निळसर येतो, ऑइल कमी होऊ लागते, सायरनसारखी शिटी वाढत जाते, आणि हवेची नळी काढून दांडा बोटांनी हलवला तर पाते भोवतीच्या कवचाला घासते. नळीत ऑइलचा नुसता पुसट ओलावा असणे हे मात्र दोषाचे लक्षण नाही.

प्रश्न : आम्ही २०२१ सालची दीड लिटर डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही वर्षभरापूर्वी वापरलेली घेतली. तिचा उपयोग मुलीला शाळेत सोडणे, यजमानांना खारघर स्थानकावर सोडणे आणि बाजार एवढाच होतो. एका वेळी तीन किलोमीटरहून जास्त प्रवास क्वचितच असतो. आता डीपीएफचा दिवा वारंवार लागतो. सर्व्हिस सेंटरने दोनदा मशीन लावून साफ केले, तरी महिन्याभरात दिवा परत येतो. ऑइलची पातळीही वाढलेली दिसते, ती कशी काय वाढू शकते?
— एक वाचक भगिनी, खारघर, नवी मुंबई

उत्तर : ताई, आपल्या शेवटच्या ओळीतच उत्तराची किल्ली आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

१ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराविषयीचे बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी आली, तीच डीपीएफ. गाळणी म्हटली की ती भरणार, आणि ती रिकामी करण्याचा उपाय म्हणजे आतली काजळी जाळणे. त्यासाठी गाळणीत सुमारे सहाशे अंश सेल्सिअस तापमान लागते. महामार्गावर इंजिन आधीच तापलेले असते, त्यामुळे हे काम सहज उरकते. गावात मात्र संगणक इंजिनाला नेहमीच्या फवाऱ्यानंतर थोडे जादा डिझेल उशिरा फवारायला लावतो, ते गाळणीच्या आधीच्या भागात जळते आणि तापमान चढते. ही क्रिया पूर्ण व्हायला साधारण दहा ते वीस मिनिटे सलग चालणे लागते. आपली गाडी तेवढ्यात स्थानकावर पोहोचून बंद झालेली असते. क्रिया अर्धवट राहते, पुढच्या खेपेस पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. आणि उशिरा फवारलेल्या डिझेलचा न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपत ऑइलमध्ये मिसळतो. डिपस्टिकवरची पातळी वाढते ती यामुळे. डिपस्टिकचा वास घेऊन पाहा. डिझेलचा वास येईल. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे आणि टर्बोचे रक्षण करू शकत नाही, म्हणून दिव्यापेक्षाही ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. या आठवड्यातच ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या, आणि डीपीएफसाठी असलेले कमी राखेचेच ऑइल भरले आहे ना, हे बाटली पाहून खात्री करा. साधे डिझेल ऑइल जळून जी राख होते ती गाळणीत कायमची बसते. काजळी जळते, राख जळत नाही.

त्यानंतर दर आठवड्याला एकदा गाडी सलग अर्धा तास चालवावी. खारघरहून निघून सायन-पनवेल महामार्गाने पुढे पाम बीच रस्त्यावर यावे, नेरूळ ते वाशी एक खेप करून परतावे; रविवारी सकाळी सातच्या आत हा मार्ग मोकळा असतो. वेगमर्यादा पाळूनच, पण एक गिअर खाली ठेवून इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर राहू द्यावे. गाडी बंद करताना रेडिएटरचा पंखा जोरात फिरत असेल, उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा वर असेल, किंवा तापलेल्या धातूचा वास येत असेल, तर गाळणी साफ होत आहे असे समजावे आणि आणखी एक फेरी मारून यावे.

हा उपाय चालेल. तरीही मनापासून वाटते ते लिहिणे माझे कर्तव्य आहे. आपल्या वापरासाठी ही गाडी योग्य नाही. दिवसाला तीन-तीन किलोमीटरच्या चार खेपा हा डिझेलचा उपयोगच नव्हे. तिथे पेट्रोल, सीएनजी किंवा विजेची गाडी अधिक सुखाने चालेल. गाळणी चांगल्या स्थितीत आहे तोवर ही गाडी पनवेल-पुणे किंवा अलिबाग असा नियमित प्रवास करणाऱ्या कुणाला विकली, तर तिचेही आयुष्य वाढेल आणि आपला मनस्तापही संपेल. गाळणी कापून काढून 'सॉफ्टवेअर मारून देतो' असे सांगणारे तुर्भ्यापासून कळव्यापर्यंत भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नये. ते बेकायदा आहे, आणि शाळेच्या दारात मुले उभी असताना ती काजळी त्यांच्याच श्वासात जाते.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात वंदना टॉकीज परिसरात पाणी तुंबले तेव्हा आमची डिझेल गाडी दाराच्या निम्म्यापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर मुलाने लगेच सेल मारला, एकदा धक्का बसल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन जाम झाले. कनेक्टिंग रॉड वाकल्याचे निघाले. विमा कंपनीने इंजिनाचा खर्च नाकारला. पुढे काय काळजी घ्यावी?
— एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काका, झालेल्या नुकसानीबद्दल वाईट वाटते. मुलाला दोष देऊ नका. पाणी ओसरले की किल्ली फिरवून पाहण्याचा मोह कुणालाही होतो.

घडले ते असे. डिझेल इंजिन हवा सुमारे साडेसतरा पट दाबते, आणि त्या दाबाच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. बाराशे-साडेबाराशे सीसीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात पिस्टन वर पोहोचतो तेव्हा एका सिलिंडरमध्ये जेमतेम १९ घन सेंटिमीटर जागा उरते, म्हणजे चहाचे चार चमचे भरतील एवढी. हवेच्या वाटेने तेवढे पाणी आत गेलेले असेल, तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी दाबले जात नाही. मग वाकतो तो पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा रॉड. पेट्रोल इंजिनात ही जागा जास्त असते, म्हणून डिझेलमध्ये हा धोका अधिक लवकर येतो.

यापुढे पाणी एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत आल्याची शंका असली तरी किल्ली लावू नये. बॅटरीची ऋण तार काढावी आणि गाडी टो करून न्यावी, तीही क्रेनने उचलून. गिअरमध्ये ओढत नेल्यास इंजिन फिरते आणि तोच अपघात होतो. गॅरेजमध्ये फिल्टर ओला आहे का ते पाहून, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे प्लग) काढून इंजिन हाताने फिरवतात, पाणी बाहेर पडते, ऑइल बदलतात आणि गाडी वाचते. साध्या विम्यात पुराचे नुकसान असते, पण पाण्यात गेलेली गाडी सुरू केल्याने इंजिनाचे जे होते ते 'परिणामी नुकसान' म्हणून वगळले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. नौपाडा, गोखले रस्ता, वंदना या पट्ट्यात गाडी खाली लावणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे, आणि मे महिन्याअखेर पॉलिसी उघडून ते चालू आहे का ते पाहावे.

प्रश्न : पंपावर चुकून आमच्या डिझेल गाडीत पाच लिटर पेट्रोल भरले गेले. 'वरून डिझेल फुल करा, काही होत नाही' असे तेथील कर्मचारी म्हणाला. ते बरोबर आहे का? इंजिन फ्लश आणि डिकार्बनायझिंग करून घ्यावे का, हेही सांगावे.
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : बरोबर नाही. कॉमन रेल इंजिनातला, म्हणजे फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनातला, पंप आणि नोझल यांना वंगण डिझेलचेच मिळते. पेट्रोल ते धुऊन टाकते. पंपातून निघालेले धातूचे कण नोझलपर्यंत गेले की खर्च टाकी रिकामी करण्याच्या कितीतरी पट होतो. गाडी सुरू केली नसेल तर ती ढकलत बाजूला घ्यावी, टाकी पूर्ण रिकामी करावी, डिझेल फिल्टर बदलावा. सुरू केली असेल तर हेच करून नळ्याही साफ कराव्यात. पावसाळ्यात याच फिल्टरच्या तळाशी साठणारे पाणी दर सर्व्हिसिंगला काढायला सांगावे, कारण पाण्याने पंपाची तीच हानी होते.

फ्लश (रसायनाने इंजिन आतून धुणे) आणि डिकार्बनायझिंग (आतली काजळी काढणे) यांची गरज नाही. त्या पैशांत एक जादा वेळ ऑइल बदलावे. ईजीआर आणि इनटेक खरोखर काजळीने तुंबले असतील तर ते उघडून हाताने साफ करावे लागतात.

प्रश्न : २०१६ सालची डिझेल सेडान, ९५ हजार किलोमीटर, एमएच ०४ पासिंग, विकत घेण्याचा विचार आहे. मला महिन्यातून तीन वेळा कळव्याहून संगमनेरला जावे लागते. दहा वर्षांनंतर डिझेल गाड्या बंद होतात असे ऐकतो. घ्यावी का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : दहा वर्षांचे निर्बंध आले ते दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. महिन्यातून तीनदा नाशिक महामार्ग आणि सिन्नरवरून संगमनेर हा वापर डिझेलला मानवणाराच आहे, त्यामुळे गाडी चांगली असेल तर मी घ्या म्हणेन.

गाडी पाहायला मात्र सकाळी लवकर आणि न सांगता जावे, इंजिन थंड असताना. बोनेटला हात लावून पाहा. ते कोमट असेल तर मालकाने आधीच सुरू करून ठेवली आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. किल्ली मालकाला फिरवू द्या आणि आपण बाहेर, चेनच्या बाजूला कान देऊन उभे राहा. टायमिंग चेनऐवजी बेल्ट असलेली गाडी असेल, उदाहरणार्थ १४६१ सीसीचे रेनॉचे इंजिन, तर बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागा. पावती नसेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून तसेच वर ठेवा. ते किंचित थरथरले तर चालेल. नाचू लागले किंवा खालून धूर फुंकल्यासारखा येऊ लागला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आहेत.

शेवटी सर्व्हिसिंगच्या पावत्या तारखांनुसार लावून पाहा आणि मालकाला विचारा की तो रोज कुठून कुठे जात होता. ९५ हजार किलोमीटर नाशिकच्या रस्त्यावर झाले असतील तर अर्धा-पाऊण लाखाच्या घासाघिशीसाठी गाडी सोडू नका. आणि ते सगळे हिरानंदानी इस्टेट ते ठाणे स्थानक असे झाले असतील, तर पहिल्या उत्तरातला तासांचा हिशेब मालकासमोर मांडून मगच किमतीचे बोला.